घरच्या स्टुडिओत लेटन्सी आणि प्रोसेसरचा ताण कसा कमी करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी गाणं-वाजवणं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी हे पान आहे. म्हणजे साधारण असा संसार: एक लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, यूएसबीवर चालणारा दोन इनपुटांचा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, हेडफोन आणि रीपर, क्युबेस, एबलटन लाइव्ह, लॉजिक यांपैकी एखादं सॉफ्टवेअर. बहुतेक उत्तरं विंडोजला धरून आहेत, कारण त्रासही तिथेच जास्त होतो. मॅक आणि लिनक्सचं शेवटाकडे आहे. प्रश्न कुठूनही वाचा, पण पहिले तीन आधी वाचलेत तर पुढचं सोपं जाईल.

लेटन्सी म्हणजे नेमकं काय आणि ती येते कुठून?

स्वर माइकमध्ये शिरल्यापासून कम्प्युटरमधून फिरून हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंत जो वेळ जातो, ती लेटन्सी. इंटरफेस आवाजाचे आकडे करतो, ड्रायव्हर ते आकडे ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यांनी सॉफ्टवेअरला देतो, सॉफ्टवेअर त्यांच्यावर काम करून तेवढाच गठ्ठा परत पाठवतं आणि इंटरफेस त्याचा पुन्हा आवाज करतो. या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. तो सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या अशा एकेका आकड्यात, मोजतात.

बफरला सॅम्पल रेटने, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल घेतले जातात त्या संख्येने, भागलं की वेळ मिळतो. ४४.१ किलोहर्ट्झवर ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.५ मिलिसेकंद, १२८ चा २.९, २५६ चा ५.८, ५१२ चा ११.६ आणि १०२४ चा २३.२. पण हा हिशेब एका दिशेचा झाला. जाताना एक बफर आणि येताना एक, म्हणून दुप्पट धरा. त्यात आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरांचे मिळून एक-दोन मिलिसेकंद मिळवा, शिवाय ड्रायव्हर सुरक्षिततेसाठी स्वतःजवळ थोडा साठा राखून ठेवतो तो वेगळाच. म्हणूनच १२८ च्या बफरवर एका इंटरफेसची येऊन-जाऊन लेटन्सी आठ मिलिसेकंद भरते आणि दुसऱ्याची बारा. फरक पडतो तो ड्रायव्हरच्या लिखाणामुळे. खोक्यावर छापलेल्या किलोहर्ट्झच्या आकड्यावरून तो कळत नाही.

किती उशीर चालतो?

वाद्य कोणतं आणि वाजवणारा कोण यावर ते ठरतं. हवेतून एक मीटर जायला आवाजाला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. मैफलीत तबलजी गायकापासून दीड-दोन मीटरवर बसतो, म्हणजे पाच-सहा मिलिसेकंदांचा उशीर दोघंही कायम पचवत असतात. येऊन-जाऊन लेटन्सी दहा मिलिसेकंदांच्या आत असली की बहुतेक वादकांना ती जाणवत नाही. कीबोर्डवर स्ट्रिंग्ज किंवा पॅडचा आवाज वाजवताना पंधरा-वीसही खपून जातात, कारण त्या आवाजाचा उठावच सावकाश असतो.

तालवाद्याला मात्र ही सवलत नाही. मिनिटाला १८० मात्रांची लय धरा. एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची, आणि चौगुणीत दोन बोलांमधलं अंतर ८३ मिलिसेकंद. बफर १०२४ वर राहिला असेल तर येऊन-जाऊन पन्नासेक मिलिसेकंद जातात. म्हणजे हेडफोनमध्ये एक बोल ऐकू येईपर्यंत हात पुढच्या बोलाच्या निम्म्या वाटेपलीकडे गेलेला असतो. अशा वेळी वादक नकळत हेडफोनची वाट बघू लागतो आणि लय ओढली जाते. पुढे मिक्सिंगला बसलं की वाटतं, आज याचा हात बसला नव्हता. हात नीट असतो, त्याला ऐकवलं चुकीचं गेलेलं असतं.

गायकाची गोष्ट आणखी नाजूक आहे. स्वतःचा आवाज हाडांतून कानापर्यंत तत्काळ पोचतो आणि हेडफोनमधला किंचित उशिरा. दोन्ही मिसळले की काही स्वरपट्टे एकमेकांना खोडतात. उशीर एक मिलिसेकंदाचा असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपास खड्डे पडतात. उशीर बदलला की खड्ड्यांच्या जागा बदलतात. गायिका म्हणते, “आवाज पोकळ येतोय, माझा वाटत नाहीये,” पण उशीर झालाय असं तिला वाटत नाही. तेव्हा तिच्या हेडफोनमध्ये जाणाऱ्या आवाजाची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे लहरीचं वर-खाली उलटवून, बघा. कधी कधी तेवढ्यानेच आवाज भरीव होतो. किंवा एक कान मोकळा ठेवायला सांगा. बरेच जुने गायक-गायिका हे आपणहून करतात, त्यांना तसं करू द्या. फक्त मोकळ्या बाजूचा हेडफोन गालाशी किंवा डोक्याशी घट्ट राहील एवढं पाहा, नाहीतर तानपुऱ्याचा ट्रॅक माइकमध्ये झिरपतो.

आवाज कडकडतो, पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर २०-३० टक्केच दिसतो. असं कसं?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण इथे चुकीचा निष्कर्ष काढून लोक नवा कम्प्युटर घेतात आणि कडकड त्याच्याबरोबरही येते.

टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची मिळून सरासरी दाखवतो. आवाजाचं काम सरासरीवर चालत नाही, मुदतीवर चालतं. ४८ किलोहर्ट्झवर १२८ चा बफर असेल तर सेकंदाला ३७५ वेळा, म्हणजे दर २.६७ मिलिसेकंदांनी, नवा गठ्ठा तयार लागतो. ३७४ वेळा काम निम्म्या वेळात उरकलं आणि एकदाच उशीर झाला, तरी त्या एका क्षणी इंटरफेसकडे वाजवायला काहीच नसतं. तोच तो ‘चट्’. दिवसभर कितीही भरभर चाललात, तरी ७.१२ ची लोकल फलाटावरून सुटल्यावर पोचलात तर ती चुकलीच.

मुदत चुकण्याची कारणं दोन जातीची. एक, काम खरंच जास्त आहे. त्यातही एक मेख अशी की, एका ट्रॅकवर ओळीने लावलेली प्लगइन्स (रिव्हर्ब, इक्वलायझर असली जोड-सॉफ्टवेअर) एकामागून एकच चालू शकतात, त्यामुळे ती साखळी एका कोअरवर पडते. आठ कोअर असोत की सोळा, त्या ट्रॅकला उपयोग एकाचाच. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या ट्रॅकवर, पाच-सहा जड प्लगइन्स लावलेली असतील तर तिथेही हेच होतं. दोन, काम कमी आहे पण वाय-फाय, ग्राफिक्स, बॅटरी असल्या कुठल्यातरी ड्रायव्हरने मधेच प्रोसेसर अडवून धरला. या दोन दुखण्यांची औषधं अगदी वेगळी आहेत.

दुखणं कुठलं ते ओळखायला नवा रिकामा प्रोजेक्ट उघडा. एकच ट्रॅक, प्लगइन शून्य, बफर नेहमीचाच. दहा मिनिटं तानपुरा किंवा नुसती खोलीतली शांतता रेकॉर्ड करा. रिकाम्या प्रोजेक्टमध्येही चट् आला तर रोग कम्प्युटरमध्ये आहे. नाही आला तर तुमच्या प्रोजेक्टमध्ये.

मग बफर किती ठेवू?

रेकॉर्डिंगला लहान, मिक्सिंगला मोठा. गाताना-वाजवताना ६४ किंवा १२८, आणि मिक्सिंगला १०२४ बिनधास्त. मिक्स करताना प्ले दाबल्यावर आवाज वीस मिलिसेकंद उशिरा आला तर कुणाचं काही अडत नाही, उलट प्रोसेसरला मोकळा श्वास मिळतो. एकच आकडा कायम ठेवून दोन्ही कामं निभावण्याचा हट्ट धरला की दोन्हीकडे त्रास होतो.

खरी अडचण येते ती मिक्स अर्ध्यावर आलेला असताना गायिका म्हणते, “अंतऱ्याची दुसरी ओळ परत घेऊया.” तेव्हा सगळं बंद करत बसू नका. आतापर्यंतच्या मिक्सची एक स्टिरिओ फाइल बाउन्स करा, म्हणजे सगळं मिळून एकच फाइल काढा, नव्या प्रोजेक्टमध्ये ती एकटी टाका, बफर ६४ करा, ओळ घ्या आणि तो टेक मूळ प्रोजेक्टमध्ये त्याच जागी नेऊन ठेवा. दोन्ही प्रोजेक्ट शून्यापासून सुरू होत असतील तर जागा तंतोतंत जुळते.

आणखी एक सवय लावून घ्या: जो ट्रॅक घ्यायचा आहे तेवढाच रेकॉर्डसाठी सज्ज ठेवा. रीपर, क्युबेस आणि अशी बरीच सॉफ्टवेअर आधीपासून रेकॉर्ड असलेले ट्रॅक थोडे पुढे धावून तयार करून ठेवतात; क्युबेसमध्ये त्याला एएसआयओ-गार्ड म्हणतात. पण थेट माइकवरून येणाऱ्या ट्रॅकला पुढे धावता येत नाही, तो त्या-त्या क्षणीच करावा लागतो. विसरून रेकॉर्डचं लाल बटण चालू राहिलेले चार ट्रॅक म्हणजे चौपट तातडीचं काम.

डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणजे काय? त्याने लेटन्सी जाते का?

जाते. माइकचा आवाज कम्प्युटरमध्ये न फिरता इंटरफेसमधूनच थेट हेडफोनमध्ये येतो. स्वस्तातल्या इंटरफेसवर त्यासाठी एक बटण किंवा एका बाजूला इनपुट आणि दुसऱ्या बाजूला प्लेबॅक असं मिसळणारी खुंटी असते. ते चालू केलंत तर बफर ५१२ असला तरी गायकाला फरक पडत नाही. जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी आधी हाच मार्ग धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका. दोन्ही चालू राहिली की आवाज दुहेरी येतो. माइकच्या जाळीवर नखाने हलकं टकटक करा. एक टक ऐकू आली तर ठीक, दोन आल्या तर कुठेतरी दुसरी वाट उघडी आहे.

पण गाताना थोडा रिव्हर्ब (घुमारा) लागतोच. कोरडा आवाज ऐकत गाता येत नाही.

खरं आहे, आणि ही मागणी लाडाची नाही. कोरड्या आवाजात स्वर टिकवणं भल्याभल्यांना जड जातं. उपाय सोपा आहे. कोरडा आवाज डायरेक्ट मॉनिटरिंगने ऐकवा आणि सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्ब पाठवा. रिव्हर्ब शंभर टक्के ओला ठेवायचा, म्हणजे मूळ आवाज त्यातून जाणार नाही. तो दहा-पंधरा मिलिसेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही. खऱ्या सभागृहातही भिंतीवरून परतणारा आवाज उशिराच येतो. त्यासाठी साधा, हलका रिव्हर्ब घ्या. जड कन्व्हॉल्युशन रिव्हर्ब मिक्सिंगच्या वेळी लावा.

कोणता ड्रायव्हर वापरायचा? एएसआयओ फॉर ऑल चालेल का?

इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, तिच्याच संकेतस्थळावरून उतरवलेला. एएसआयओ ही स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली पद्धत आहे. विंडोजचा नेहमीचा आवाजाचा मार्ग टाळून सॉफ्टवेअरला थेट इंटरफेसशी बोलता यावं, हा तिचा हेतू. एएसआयओ फॉर ऑल हा विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड कार्डावर चाल बांधत बसायचं असेल तर तो उपयोगी पडतो, पण इंटरफेसला स्वतःचा ड्रायव्हर असताना तो मधे घालू नका.

आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या इंटरफेसचा सॅम्पल रेट प्रोजेक्टइतकाच ठेवा. प्रोजेक्ट ४८ वर आणि ब्राउझरमध्ये कराओके ट्रॅक ४४.१ वर चालू असेल, तर दोघं इंटरफेसला आपापल्या बाजूला खेचतात. आवाज बंद पडणं किंवा स्वर पाऊणभर चढलेला वाटणं हे त्यातूनच होतं.

विंडोजमध्ये नेमकं काय काय बदलायचं?

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या. नव्या लॅपटॉपांवर तो प्लॅन दिसतच नाही, तिथे सेटिंग्जमधला पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवा. काम नसलं की प्रोसेसर आपला वेग उतरवतो आणि पुन्हा चढायला त्याला जो क्षणभर वेळ लागतो, नेमकी त्याच क्षणी मुदत चुकू शकते. प्लॅनच्या प्रगत पर्यायांत यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. अँटिव्हायरसला सांगून रेकॉर्डिंगचा फोल्डर आणि प्लगइनचा फोल्डर तपासणीतून वगळा. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह रेकॉर्डिंगपुरतं थांबवा, कारण टेक लिहिला जात असतानाच ते तो वर चढवायला घेतात. विंडोज अपडेट आठवडाभरासाठी पुढे ढकला.

त्यानंतरही रिकाम्या प्रोजेक्टमध्ये चट् येत असेल तर लेटन्सीमॉन हे छोटं सॉफ्टवेअर उतरवा. ते चालू करून दहा-पंधरा मिनिटं कम्प्युटर नेहमीसारखा वापरा, मग ड्रायव्हर्सच्या पानावर जाऊन सर्वाधिक वेळ घेणाऱ्याच्या रकान्यावर क्लिक करा. सगळ्यांत वर जे नाव येईल ते वाचा. एनडीआयएस असेल तर नेटवर्क, म्हणजे बहुधा वाय-फाय. नावाची सुरुवात एनव्ही या अक्षरांनी असेल तर एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड. एसीपीआय असेल तर वीज आणि बॅटरीची देखरेख. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन संशयित उपकरण तात्पुरतं डिसेबल करा आणि पुन्हा मोजा. एका वेळी एकच. दोन-तीन गोष्टी एकदम बंद केल्या तर चोर कोण हे कळणार नाही.

वाय-फायचा दोष निघाला तर रेकॉर्डिंग करताना एअरप्लेन मोड हाच कायमचा नियम करून टाका. दर काही सेकंदांनी ठरावीक अंतराने चट् येत असेल, तर पहिला संशय वाय-फायवर घ्यावा. त्याचं कार्ड आजूबाजूची नेटवर्क शोधायला मधून मधून उठत असतं. बॅटरीच्या देखरेखीचा दोष निघाला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीच्या शीर्षकाखाली असलेली कंट्रोल मेथड बॅटरी रेकॉर्डिंगपुरती डिसेबल करता येते. तेव्हा चार्ज किती उरला हे दिसणार नाही, म्हणून चार्जर लावलेला ठेवा आणि काम झाल्यावर ती पुन्हा चालू करा. ग्राफिक्सचा दोष असेल तर नवा ड्रायव्हर टाकून बघा.

रजिस्ट्रीत हे बदला, पन्नास सर्व्हिसेस बंद करा, असल्या जुन्या याद्या सगळीकडे फिरतात. त्यातल्या बऱ्याच विंडोज एक्सपीच्या काळातल्या आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

उन्हाळ्यात दुपारी कडकड वाढते, रात्री होत नाही. हा भास आहे का?

भास नाही. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. पातळ लॅपटॉपांत हे लवकर होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी खोली चाळिशीला टेकलेली असते, आणि माइकमध्ये घरघर येऊ नये म्हणून आपण छताचा पंखाही बंद केलेला असतो. लॅपटॉपला थंड हवा मिळणार कुठून? सकाळी लवकर किंवा रात्री घ्या. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन लाकडी ठोकळे लावून तो उचलून धरा, गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका. वर्ष-दोन वर्षांनी आतल्या पंख्याची धूळ काढून घ्या. वीज गेल्यावर बॅटरीवर रेकॉर्डिंग चालू ठेवलंत तर बहुतेक लॅपटॉप वेग आपोआप उतरवतात, तेव्हा त्या वेळी बफर एक पायरी वाढवा.

प्रोसेसरचा ताण कमी करण्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. लॅपटॉपचा पंखा गप्प बसतो. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे जी बारीक घूं ऐकू येते, ती पुष्कळदा लॅपटॉपच्या पंख्याचीच असते.

इंटरफेस यूएसबी हबवर लावला तर चालतो का?

शक्यतो नको. थेट कम्प्युटरच्या पोर्टात लावा आणि त्याच बाजूला बाहेरची हार्ड डिस्क किंवा वेबकॅम लावू नका. डेस्कटॉपवर पुढच्या पोर्टांपेक्षा मागचे बरे. दुसरं पोर्ट लावून बघणं हा फुकटचा उपाय आहे, तो आधी करा.

प्लगइन्स खूप झाली आहेत. गाणं अर्ध्यावर आलं की सगळं अडखळतं.

आधी कोण खातंय ते पाहा. रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर प्रत्येक ट्रॅकचा वेगळा आकडा दाखवतो. बाकीच्यांनी एकेक प्लगइन बंद करून मीटर बघावा. बहुधा वीसपैकी तीन-चार प्लगइन्सच निम्म्याहून जास्त खात असतात. त्यांची नावं लिहून ठेवा, पुढच्या प्रोजेक्टला कामाला येतात.

मग रिव्हर्ब बघा. कोरसचे सहा ट्रॅक, हार्मोनियम, बासरी, टाळ, प्रत्येकावर वेगळा रिव्हर्ब लावायची सवय महागात पडते. एक रिव्हर्ब वेगळ्या बसवर, म्हणजे अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र घेणाऱ्या ट्रॅकवर, ठेवा आणि प्रत्येक ट्रॅकवरून सेंडने हवा तेवढा आवाज तिकडे पाठवा. नऊ रिव्हर्बच्या जागी एक होतो, आणि शिवाय सगळी मंडळी एकाच खोलीत बसून गायल्यासारखी ऐकू येतात. भजन किंवा समूहगीत करणाऱ्यांनी तर हे केवळ आवाजासाठीही करावं.

तिसरं, ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे प्लगइनने आतल्या आत सॅम्पल रेट वाढवून काम करणं. सॅच्युरेशन, लिमिटर, अ‍ॅम्प सिम्युलेटर यांत ते चौपट-आठपटीवर असतं आणि ताणही जवळपास त्याच पटीने वाढतो. काम करताना बंद ठेवा, अंतिम फाइल काढताना चालू करा. कित्येक प्लगइन्समध्ये रेंडरपुरतं चालू अशी सोय असते.

आणि शेवटी फ्रीज. ज्या ट्रॅकचं काम झालं आहे तो फ्रीज करा. सॉफ्टवेअर त्याची प्लगइनसकट आवाजाची फाइल बनवतं आणि प्लगइन्स मिटवून ठेवतं. हवं तेव्हा उलटं करता येतं. व्हर्च्युअल वाद्यांचे ट्रॅक आधी फ्रीज करा, जास्तीत जास्त ताण त्यांचाच असतो. नाचते आलेख दाखवणाऱ्या प्लगइनच्या खिडक्या बघून झाल्या की बंद करायच्या, हेही ओघाने आलंच.

बफर ६४ आहे, तरी उशीर जाणवतो. का?

कुठलंतरी प्लगइन स्वतः वेळ घेतंय. लिनिअर फेज इक्वलायझर, पुढचं आधी ऐकून काम करणारा लिमिटर, गोंगाट काढणारी प्लगइन्स, काही पिच सुधारणारी प्लगइन्स: यांना काम करायलाच काही मिलिसेकंदांचा आवाज हातात लागतो. बाकीचे ट्रॅक जुळावेत म्हणून सॉफ्टवेअर सगळ्यांनाच तेवढं थांबवतं. मास्टरवर असं एक जरी असलं तरी थेट ऐकणाऱ्याला उशीर होणार. रेकॉर्डिंगपुरती मास्टरवरची सगळी प्लगइन्स बंद करा. नुसती बायपास करून भागेलच असं नाही, काही सॉफ्टवेअर बायपासमध्येही तेवढा उशीर राखून ठेवतात; म्हणून ती ऑफलाइन, म्हणजे पूर्ण बंद, करा. लॉजिकमध्ये लो लेटन्सी मोड आणि क्युबेसमध्ये कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन ही बटणं नेमकी याच कामासाठी आहेत.

गाणं थांबवलं तरी प्रोसेसरचा मीटर चढतो.

जुन्या प्लगइन्समध्ये असं होतं. रिव्हर्बची शेपूट विरत जाते तसे तिचे आकडे इतके सूक्ष्म होतात की काही प्रोसेसरना ते हाताळायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागतो. नवी प्लगइन्स असे आकडे सरळ शून्य धरतात. तुमचं प्लगइन जुनं असेल तर बदला.

९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं तर लेटन्सी निम्मी होते म्हणतात.

त्याच बफरवर निम्मी होते, पण कामही दुप्पट होतं, आणि मग बफर वाढवावा लागतो. फिरून तिथेच. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट यावर घरचं कुठलंही काम उत्तम होतं. व्हिडिओसाठीही ४८ च लागतं.

रॅम वाढवू, एसएसडी घेऊ की नवा कम्प्युटरच घेऊ?

नुसत्या रेकॉर्डिंगला डिस्क फार लागत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट लिहितो. आठ माइक एकदम लावलेत तरी सव्वा मेगाबाइटच्या आत. एसएसडीची गरज भासते ती सॅम्पलवर चालणाऱ्या वाद्यांसाठी. ती वाद्यं प्रत्येक सुराचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतात आणि बाकीचा वाजवताना डिस्कवरून ओढतात. फिरणारी हार्ड डिस्क तिथे कमी पडते. ती वाद्यं वापरत असाल तर एसएसडी आणि १६ जीबी रॅम ही पहिली खरेदी. फक्त आवाज, हार्मोनियम आणि तबला घेत असाल तर आधी वरचे उपाय करा.

नवा घ्यायचाच झाला तर कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग बघा, आणि नेआण करायची नसेल तर लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप घ्या. त्याच पैशात तो जास्त थंड राहतो आणि जास्त टिकतो.

ब्लूटूथ हेडफोन वापरले तर?

रेकॉर्डिंगला नाहीच. शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशीर तर तिथेच होतो, आणि तो कुठल्याच सेटिंगने जात नाही. वायरचे हेडफोन घ्या, पाठ बंद असलेले.

ऐकताना सगळं ठीक वाटतं, पण रेकॉर्ड झालेला टेक किंचित मागे पडलेला दिसतो.

ड्रायव्हर सॉफ्टवेअरला आपली लेटन्सी सांगतो आणि सॉफ्टवेअर तेवढा टेक पुढे सरकवतं. ड्रायव्हरने सांगितलेला आकडा चुकीचा असेल तर टेक चुकीच्या जागी बसतो. हे एकदा मोजून कायमचं दुरुस्त करता येतं.

इंटरफेसच्या एका आउटपुटातून त्याच्याच लाइन इनपुटात केबल लावा. स्पीकर बंद ठेवा आणि त्या ट्रॅकचं मॉनिटरिंगही बंद ठेवा, नाहीतर आवाज गोल फिरून किंचाळेल. एका ट्रॅकवर एक टोकदार क्लिक ठेवा आणि ती वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. आता दोन्ही क्लिकची सुरुवात दिसेपर्यंत झूम करा आणि टाइमलाइन सॅम्पलमध्ये करून अंतर मोजा. समजा, रेकॉर्ड झालेली क्लिक ९६ सॅम्पल मागे आहे. ४८ किलोहर्ट्झवर ते दोन मिलिसेकंद झाले. सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटच्या रकान्यात ९६ भरा. रीपरमध्ये तो प्रेफरन्सेसच्या ऑडिओखाली रेकॉर्डिंगच्या पानावर आहे. पुन्हा रेकॉर्ड करून बघा. क्लिक जुळली तर झालं, अंतर दुप्पट झालं तर आकड्याचं चिन्ह उलटं करा. बफर बदलून एकदा तपासा. चांगल्या ड्रायव्हरवर फरक तोच राहतो.

दोन मिलिसेकंद ऐकू येत नाहीत हे खरं. पण एकावर एक आवाज चढवत कोरस केलात, प्रत्येक थर आधीच्या थराला ऐकून घेतलात, तर ही चूक थरागणिक साचत जाते.

मॅक आणि लिनक्सवर काय वेगळं?

मॅकवर कोअर ऑडिओ असतं, एएसआयओची भानगड नाही. बफर सॉफ्टवेअरमध्येच लावायचा. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर इंटेलच्या काळातली प्लगइन्स रोझेटातून (इंटेलची सॉफ्टवेअर नव्या चिपवर चालवणाऱ्या दुभाष्यातून) चालत असतील तर ताण वाढतो. त्यांची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहा. चालू कामाच्या मधे मॅकओएसची मोठी आवृत्ती चढवू नका.

लिनक्सवर आवाजासाठी जॅक किंवा पाइपवायर ही व्यवस्था वापरा आणि आपल्या वापरकर्त्याला रिअलटाइम प्राधान्याची परवानगी दिलेली असल्याची खात्री करा, निम्मं काम तिथेच अडलेलं असतं. रिअलटाइम कर्नलसाठी पूर्वी वेगळे पॅच लावावे लागत. २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून ते मूळ कर्नलमध्येच आले.

मुलगी न्यू जर्सीत आहे. ती तिथून आणि मी पुण्यातून, असं एकत्र गाता येईल का?

तालात, एकाच वेळी: नाही, आणि याला कम्प्युटर जबाबदार नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इथून न्यू जर्सी सरळ रेषेतही साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका दिशेलाच साठाहून अधिक मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत यंत्रंही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा बराच वाढतो. तुम्ही दिलेली सम तिच्यापर्यंत जाऊन तिचा आवाज परत येईपर्यंत लय मोडलेली असते. पुणे-मुंबई किंवा पुणे-नाशिक असेल, दोन्हीकडे फायबर आणि वायरचं इंटरनेट असेल, तर जॅमुलस किंवा सोनोबस या इंटरनेटवरून एकत्र वाजवायच्या सॉफ्टवेअरवर बरं जमतं.

मुलीसाठी असं करा. तानपुरा, ठेका आणि तुमचा आवाज यांची एक फाइल तयार करा, सुरुवातीला आठ मात्रांची मोजणी ठेवा आणि तिला पाठवा. ती फाइल शून्यापासून लावून तिने तिचा आवाज तिच्याच कम्प्युटरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये रेकॉर्ड करावा आणि फक्त तिच्या आवाजाची फाइल, पुढची शांतता न कापता, परत पाठवावी. एमपी३ पाठवू नका, त्या फाइलच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा घुसते आणि जागा हलते. वेव्ह पाठवा.